जुने अंक, जुन्या चिप्स : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतला ‘कॅसिनो चिप अँड गेमिंग टोकन कलेक्टर्स क्लब’ १९८८ साली सुरू झाला आणि त्याचं ‘कॅसिनो चिप अँड टोकन न्यूज’ हे त्रैमासिक संग्राहकांच्या कपाटांत साठत गेलं. आता एखादा संग्रह मोडला की चिप्सच्या (जुगाराच्या टेबलावर पैशांऐवजी वापरायच्या गोल चकत्यांच्या) डब्यांबरोबर या अंकांचे गठ्ठेही विकले जातात. ते कसे वाचावेत, कसे सांभाळावेत आणि त्यांतल्या माहितीवर कितपत विसंबावं, याविषयी आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : १९९० च्या दशकातले तीसेक अंक एकगठ्ठा मिळाले. पहिल्यापासून वाचायला घेतले, पण कुठे काय वाचलं ते आता आठवत नाही. सूची कशी करू?

आधी वाचनाचा क्रम उलटा करा. हाती असलेला सगळ्यात नवा अंक पहिला घ्या आणि त्यातही वाचकांची पत्रं आणि दुरुस्त्या आधी वाचा. एखाद्या लेखात चिपचा कॅसिनो चुकीचा छापला गेला, तर दुरुस्ती दोन-तीन अंकांनंतर, तीही कोपऱ्यातल्या चार ओळींत येते. मूळ लेख आधी वाचून सूचीत नोंदवला, तर चूक पक्की होऊन बसते. उलट्या क्रमानं गेलात की लेखापर्यंत पोहोचण्याआधीच त्याची दुरुस्ती तुमच्याकडे असते.

सूचीसाठी साधी स्प्रेडशीट पुरते. एका चिपला एक ओळ. रकाने असे : अंकाचं वर्ष आणि क्रमांक, पान, राज्य, गाव, कॅसिनोचं नाव छापलंय तस्संच, तो चालू असल्याचा काळ, चिपची दर्शनी किंमत, साचा (चिपच्या कडेनं उमटलेली उठावदार नक्षी), मूळ रंग, किनारीच्या ठिपक्यांचे रंग आणि संख्या, चिपवरचा मजकूर, फोटो आहे की नाही. शेवटचा रकाना ‘नंतरची दुरुस्ती’ असा ठेवा आणि तो कधीही गाळू नका.

सर्वांत जास्त घोटाळे नावांत होतात. ‘एल रँचो व्हेगस’ हा लास व्हेगस स्ट्रिप या कॅसिनोंच्या रस्त्यावरचा कॅसिनो १९४१ मध्ये उघडला आणि १९६० मध्ये आगीत गेला. ‘एल रँचो’ मात्र वेगळाच. १९४८ चा थंडरबर्ड १९७७ मध्ये सिल्व्हरबर्ड झाला, १९८२ मध्ये त्यानं एल रँचो हे नाव घेतलं आणि १९९२ मध्ये तो बंद पडला. दोन्ही एकाच रस्त्यावर, नावात एका शब्दाचा फरक, आणि छोट्या जाहिरातींत नेमका तोच शब्द जागा वाचवायला गाळलेला असतो. एमजीएम ग्रँडचंही तसंच. १९७३ साली उघडलेला एमजीएम ग्रँड १९८६ मध्ये बॅलीज झाला. आज त्या नावानं ओळखला जाणारा कॅसिनो डिसेंबर १९९३ चा आहे आणि त्याची इमारत दुसरी आहे. म्हणून १९९१ च्या अंकात ‘बंद पडलेल्या एमजीएम ग्रँडची चिप’ असं वाचलंत तर त्यात चूक नाही. सूचीत नुसतं नाव लिहू नका. नाव, गाव आणि उघडल्याचं वर्ष अशी तिहेरी ओळख लिहा.

संमेलनांची वर्णनं, सोडतीचे निकाल, पदाधिकाऱ्यांचे निरोप सूचीत नसले तरी चालतं. जाहिराती मात्र सोडू नका. लेखक आठवणीवर भिस्त ठेवू शकतो, पण विक्रेता हातातली चिप समोर ठेवून वर्णन लिहितो. त्यामुळे साचा आणि ठिपक्यांबाबत जाहिरात पुष्कळदा लेखापेक्षा भरवशाची निघते.

प्रश्न : जुन्या याद्यांत ‘एच अँड सी’, ‘स्मॉल की’, ‘एच-एच-आर’, ‘अरोडाय’ असे तुटक शब्द येतात. हे काय आहे? आणि हातातल्या चिपचा साचा नक्की कसा ओळखायचा?

ही साच्यांची नावं आहेत. पारंपरिक चिप दाबून घडवताना तिच्या सपाट बाजूच्या कडेनं उठावदार नक्षी उमटते. नक्षी ज्या साच्याची, त्यावरून निर्माता आणि काळ यांचा अंदाज बांधता येतो. ‘एच अँड सी’ म्हणजे हॅट अँड केन, टोपी आणि छडी आलटून-पालटून. हा पॉल-सन या लास व्हेगसच्या कंपनीचा ओळखीचा साचा आहे. ‘की’ म्हणजे ग्रीक वळणाची चौकोनी नागमोडी नक्षी, तिच्यात लहान आणि मोठी असे प्रकार आहेत. ‘एच-एच-आर’मध्ये घोड्याचं तोंड उजवीकडे, तर ‘एच-एच-एल’मध्ये डावीकडे. ‘अरोडाय’मध्ये बाण आणि फासा.

साचा पाहायला वरून उजेड टाकलात तर काहीच दिसणार नाही. खोलीत अंधार करा, चिप काळ्या कागदावर ठेवा आणि छोटी बॅटरी टेबलाला जवळजवळ टेकवून बाजूनं प्रकाश सोडा. आता चिप हळूहळू फिरवा. प्रकाश आडवा पडला की झिजलेली नक्षीही सावलीनं उठून दिसते. एखाद्या ठिकाणी नुसता धूसर उंचवटा वाटतो आणि पाव फेरा झाला की तिथेच टोपीची गोल कड स्पष्ट होते. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं, त्याहून जास्त घेतलंत तर संपूर्ण नक्षी एका नजरेत मावत नाही. जास्त झिजलेल्या चिपवर निदान दोन जागी तीच आकृती दिसल्याशिवाय साच्याचं नाव लिहू नका.

मोजमापही घ्या. अमेरिकन टेबलांवरच्या नेहमीच्या चिपचा व्यास साधारण ३९ मिमी असतो आणि बऱ्याचशा चिप्स साडेआठ ते साडेदहा ग्रॅममध्ये बसतात. जाडी व्हर्नियर कॅलिपरनं मोजा, पण जबडे घट्ट आवळू नका. जुन्या चिपच्या कडेचा टवका उडतो.

मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : नुसत्या साच्यावरून चिप अस्सल ठरत नाही. काही जुने साचे पुढे दुसऱ्या निर्मात्यांकडे गेले आणि त्यांत नव्या चिप्सही निघाल्या. साचा, अक्षरांचं वळण, रंग आणि मधल्या कागदी चकतीची छपाई, या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. अतिनील दिव्याचीही मदत होते. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चमकदार रसायनं १९५० च्या सुमारास सर्रास वापरात आली. चिप १९४० च्या आधीची म्हणून दिली असेल आणि मधली चकती त्या दिव्याखाली निळसर-पांढरी झळकत असेल, तर व्यवहार थांबवा. चकती झळकली नाही म्हणून चिप अस्सल, असं मात्र म्हणता येत नाही.

प्रश्न : जुन्या अंकांतले कृष्णधवल फोटो पाहून चिपचा रंग कसा ठरवायचा?

ठरवू नका. लाल आणि हिरवा कृष्णधवल छपाईत जवळपास एकाच राखाडी छटेत उतरतात. फोटोचा उपयोग अक्षरं, मांडणी आणि ठिपक्यांच्या जागा पाहायला करा, रंग मजकुरातून घ्या.

आधार म्हणून दर्शनी किंमत पाहता येते. न्यू जर्सीत रंग नियमानंच ठरले : १ डॉलर पांढरा, अडीच डॉलर गुलाबी, ५ लाल, २५ हिरवा, १०० काळा, ५०० जांभळा. त्या राज्यातल्या अटलांटिक सिटीतला पहिला कायदेशीर कॅसिनो, रिसॉर्ट्स इंटरनॅशनल, २६ मे १९७८ ला उघडला. त्याआधीच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या तिथल्या चिप्सना हा नियम लावू नका. लास व्हेगस ज्या राज्यात आहे त्या नेव्हाडातही ५ ला लाल, २५ ला हिरवा, १०० ला काळा ही वहिवाट पडली, पण जुन्या चिप्स तिला सरसकट जुळत नाहीत. रंगीत पानांवरही छटेचा भरवसा नाही. त्याच पानावर काळी चिप असेल तर ती आधी पाहा. ती तपकिरी किंवा निळसर उतरली असेल, तर बाकीचे रंगही त्याच बाजूला झुकलेले असणार.

प्रश्न : १९९० च्या दशकातल्या याद्यांमधल्या किमती आज धरून चालता येतील का?

किंमत म्हणून नाही, तुलना म्हणून. एकाच यादीत एकाच कॅसिनोच्या दोन चिप्स असतील आणि दुसरीची किंमत पहिलीच्या आठपट असेल, तर त्या वर्षी दुसरी किती कमी दिसत होती एवढं कळतं. माहितीचा तेवढाच भाग टिकाऊ आहे, आणि त्यालाही तडा जाऊ शकतो. समजा १९९२ च्या यादीत एखादी चिप आर-९ दाखवली आहे आणि काही वर्षांनंतर आर-५. या मोजपट्टीत आर-१ म्हणजे सर्रास मिळणारी आणि आर-१० म्हणजे अत्यंत दुर्मिळ. अशी घसरण दिसली की मधल्या अंकांत नव्यानं सापडलेल्या साठ्याची बातमी शोधा. एखाद्या तळघरातून भरलेलं खोकं निघालं की वर्षानुवर्षांची दुर्मिळता एका आठवड्यात संपते, आणि त्यानंतर जुन्या किमतीला अर्थ उरत नाही.

जाहिरातीतली किंमत ही मागितलेली असते, लिलावातली ‘किमान बोली’ ही सुरुवातीची, आणि फक्त ‘विक्री झालेली किंमत’ हा खरा व्यवहार. तिघींना एकाच रकान्यात कोंबू नका.

दर्शनी किमतीचाही विचार हवा. कॅसिनो चालू असेपर्यंत २५ डॉलरची चिप २५ डॉलरखाली सहसा कुणी विकत नाही, कारण कॅसिनोच्या रोखीच्या खिडकीवर तेवढे पैसे मिळतातच. बंद झाला की तो आधार सुटतो. नेव्हाडाच्या जुगार नियमावलीतल्या बाराव्या प्रकरणानुसार चिप ही कॅसिनोनं धारकाला देणं असलेल्या रकमेची खूण आहे, तिची मालकी कॅसिनोकडेच राहते. चिप्स बंद करताना कॅसिनोनं जाहीर सूचना देऊन निदान १२० दिवस त्या वटवून द्याव्या लागतात आणि परत आलेल्या नष्ट कराव्या लागतात. अंकात अशा मुदतीची सूचना सापडली तर ती तारखेसह सूचीत घ्या. चिप्सचा फार मोठा भाग याच काळात कमी होतो आणि पुढची दुर्मिळता बरीचशी इथेच ठरते. आमच्या मते ही माहिती त्याच अंकातल्या किमतींच्या दहा पानांहून मोलाची आहे.

प्रश्न : एका अंकाचं मुखपृष्ठ आणि काही पानं नाहीत. तो कुठल्या वर्षाचा, हे कसं शोधू?

जाहिरातींतले फोन नंबर पाहा. डिसेंबर १९९८ पर्यंत संपूर्ण नेव्हाडाचा विभाग-क्रमांक ७०२ होता. तेव्हा रेनोसह बहुतेक राज्याला ७७५ मिळाला आणि लास व्हेगसकडे ७०२ राहिला. म्हणून रेनोच्या पत्त्याशेजारी ७७५ दिसला तर अंक त्यानंतरचा. उलट बाजूचा निष्कर्ष काढू नका. रेनोला ७०२ दिसला म्हणून अंक जुनाच, असं होत नाही. जाहिरातदार जुनाच मजकूर वर्षभर चालवतात.

दुसरी खूण पाडापाडीची. ड्यून्स २७ ऑक्टोबर १९९३ ला स्फोटानं पाडला, लँडमार्क ७ नोव्हेंबर १९९५ ला, सँड्स २६ नोव्हेंबर १९९६ ला. लेख या कॅसिनोंबद्दल वर्तमानकाळात बोलतो की भूतकाळात, ते पाहा. फ्रान्सच्या कॅसिनोंच्या चिप्सची यादी असेल तर फ्रँक की युरो हेही बघा. युरोच्या नाणी-नोटा १ जानेवारी २००२ पासून आल्या.

हरवलेली पानं मोजायला एक सोपं गणित आहे. मधोमध पिना मारलेल्या अंकात एका तावाच्या एका बाजूवर शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज एकूण पानांपेक्षा एकनं जास्त असते. ४८ पानी अंकात ती ४९. म्हणजे ७ वं पान नसेल तर त्याच तावावरची ८, ४१ आणि ४२ ही पानंही तपासा. फक्त ७-८ गेली असतील तर कुणीतरी पान फाडलंय. चारही गेली असतील तर पिन सैल होऊन ताव निसटलाय, आणि तो गठ्ठ्यातल्या दुसऱ्या अंकात सापडण्याची शक्यता चांगली आहे.

प्रश्न : काही अंकांच्या पिना गंजल्या आहेत, दोन अंकांची पानं एकमेकांना चिकटली आहेत आणि सगळ्यालाच कुबट वास येतो.

गंजलेली पिन काढताना स्टेपल काढायचा चिमटा वापरू नका, घडीवरचा कागद फाटतो. अंक मध्यावर उघडा. पिनेच्या वळलेल्या पायांखाली पॉलिस्टर फिल्मचा पातळ तुकडा सरकवा, बोथट सुरीच्या टोकानं पाय एकेक करून उभे करा आणि मग पाठीकडून पिन वर उचला. गंजाचा भुगा मऊ ब्रशनं झटका, पुसू नका, पुसलात की डाग पसरतो. नवी पिन मारण्यापेक्षा त्याच भोकांतून सुती दोरा घालून सैल गाठ बांधा.

चिकटलेल्या पानांचं कारण कागदात आहे. गुळगुळीत चकचकीत कागदावर चिनी मातीचा थर असतो. तो भिजला की मऊ पडतो आणि दाबाखाली वाळला की शेजारच्या पानाला सिमेंटसारखा धरतो. एकदा वाळून चिकटलं की बहुतेक वेळा ते सुटत नाही. बोथट प्लॅस्टिकची पट्टी कोपऱ्यातून अलगद सरकवून पाहा, आणि छपाई निघू लागली की लगेच थांबा. वाफ देऊ नका, थर पुन्हा ओला होऊन आणखी घट्ट बसतो. अंक आत्ताच भिजला असेल तर मात्र वेळ आहे. दर दोन-चार पानांत मेणकागद घाला, ४८ तासांच्या आत पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग सवडीनं एकेक काढून हवेवर वाळवा.

वासाचे अंक वेगळे ठेवा. बुरशी दिसत असेल तर मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशनं झटका. नुसताच वास असेल तर झाकणाच्या मोठ्या डब्यात अंक उभे ठेवा आणि वाटीत खाण्याचा सोडा ठेवा. सोडा कागदाला लागू देऊ नका. आठवडाभरानं पाहा, लागेल तर सोडा बदला.

प्रश्न : स्कॅन केलेल्या चिपच्या फोटोंवर जाळीसारखे पट्टे येतात.

छापील फोटो ठिपक्यांचा असतो आणि स्कॅनरचे ठिपके त्याच्याशी जुळत नाहीत म्हणून जाळी उमटते. ६०० डीपीआयवर स्कॅन करा, स्कॅनरमधलं ‘डिस्क्रीन’ चालू करा आणि नंतर प्रत ३०० वर आणा. मूळ ६०० ची फाइल ठेवून द्या. पानामागे काळा कार्डशीट ठेवलात की मागच्या पानाची छपाई आरपार दिसत नाही.

मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर वापरणार असाल तर डॉलरचं चिन्ह ते पुष्कळदा इंग्रजी ‘एस’ किंवा आकडा ८ म्हणून वाचतं. त्यामुळे ५ डॉलर कधी ८५ होतात. किमतींचा रकाना हातानं तपासा. अमेरिकेत १ मार्च १९८९ नंतर छापलेल्या मजकुराला कॉपीराइटची सूचना छापलेली नसली तरी संरक्षण आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत वेगळी, ती सगळ्यांना वाटायची असेल तर आधी क्लबची परवानगी घ्या.

प्रश्न : जुन्या लेखांत चिपला खनिज तेल लावायचा किंवा स्पिरिटनं पुसायचा सल्ला वाचला. तो मानावा का?

स्पिरिटचा अजिबात नाही. जुन्या मातीच्या चिप्समध्ये माती बांधून ठेवायला लाख वापरलेली असू शकते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. पृष्ठभाग चिकट होतो, नक्षी सपाट होते आणि सोनेरी ठशाची अक्षरं कापसावर निघून येतात. तेलानं रंग गडद दिसतो हे खरं, पण तेल छिद्रांत मुरतं, कागदी चकतीवर डाग पाडतं आणि धूळ धरतं. शिवाय चिप विटली होती हे त्यानं झाकलं जातं. तेल लावलेली चिप विकताना तसं सांगणं ही किमान सचोटी आहे.

धुवायचीच असेल तर कोमट पाणी, सौम्य साबणाचा एक थेंब आणि मऊ टूथब्रश. चिप पाण्यात बुडवू नका. ब्रश ओला करा, फक्त कड आणि साच्याची नक्षी घासा, सोनेरी ठशापासून दूर राहा, लगेच टिपा आणि सपाट ठेवून वाळू द्या. मधली चकती कागदी असेल तर तिथे पाणी नको.

जुन्या गठ्ठ्यांत चिप्स मऊ व्हायनिलच्या खिशांत ठेवलेल्या दिसतील. त्या आजच बाहेर काढा. त्या प्लॅस्टिकमधलं मऊपणा आणणारं द्रव्य बाहेर झिरपतं, चिप चिकट होते आणि पितळी टोकनवर हिरवट थर चढतो. पॉलिस्टरचे किंवा पॉलिप्रॉपिलिनचे खिसे वापरा.

प्रश्न : दोन-तीन अक्षरंच कोरलेली चिप कुणाची, हे जुन्या लेखांवरून कळेल का?

कधी कधी कळतं. नेव्हाडात १९३१ मध्ये जुगाराला कायदेशीर मान्यता मिळाली, पण त्याआधी तिथे आणि नंतरही इतर राज्यांत बेकायदा क्लब चालत. त्यांच्या चिप्सवर नाव-गाव नसे, फक्त आद्याक्षरं. काही कारखान्यांची ऑर्डर-कार्डं संग्राहकांच्या हाती लागली आणि त्यांच्या आधारे क्लबच्या अंकांत ओळखी छापून आल्या. कार्डावर गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, तारीख, नग, रंग आणि अक्षरं असतात.

कार्डावरची तारीख ऑर्डरची असते, क्लब उघडल्याची नव्हे. गिऱ्हाईक हा पुष्कळदा मधला विक्रेता असतो, त्यामुळे पत्ता क्लबचा निघेलच असं नाही. आणि तीच दोन अक्षरं वेगवेगळ्या गावांतल्या अनेकांनी मागवलेली असतात. म्हणून साचा, अक्षरांचं वळण आणि रंग हे तिन्ही जुळत असतील तरच ओळख लिहा, आणि सूचीत त्यापुढे ‘कार्डावरून’ असा शेरा टाका. १९८८ च्या आधीचे असे लेख हवे असतील तर या क्लबच्या अंकांत शोधून उपयोग नाही. ‘टोकन अँड मेडल सोसायटी’ १९६० पासून आहे, तिच्या जुन्या अंकांत पाहा.